धोंड्याच्या महिन्यातली लढाई

...आन् वरून लोक म्हणत्यात, जिंकायला अक्कल लागती! अवो, जिंकायला काय लागतंय? मी न शिकता, न कळता, बशीत चहा ओतून पीत पीत दोन दिवसांत चार डाव जिंकलो, आन् त्यातला एक बी मला जिंकायचा नव्हता! एक बी! तुमीच सांगा, माणसानं हरावं तरी कसं?

न्हाई, तुमाला मुळापासून सांगतो. मी रामकिशन, एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर. गाड्या लावणं आन् गाड्या काढणं, दुसरं काय केलंच न्हाई जन्मात. एकुलती एक लेक, दीपमाला, दिली किल्लारीला. औंदा आला धोंड्याचा महिना. आता धोंडा म्हंजे काय ते तुमाला म्या सांगावं का? तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो, लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, कामून, तर ह्या महिन्यात जावई म्हंजे साक्षात नारायण! बरं, आमचे नारायण, आदिनाथराव, माणूस सोन्यासारखा, पण रुसतो. लग्नात फेटा सैल बांधला म्हून सव्वा तास गाडीतून उतरला न्हाई. सव्वा तास! मे महिन्यात! काचा वर करून!

आन् नेमकं ह्याच टायमाला दीपमालाला नोकरी लागली. हितंच, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात, रक्त तपासायची. सोमवारी हजर व्हायचं. आवो, त्या परीक्षेसाठी पोरगी दोन वर्षं झोपली न्हाई, मी तिच्यासंगं बसून केमिस्ट्री ऐकली, मला आजून त्यातलं निम्मं पाठ हाय! पण सासर किल्लारीला, नोकरी नांदेडला, पाव्हणे हो म्हणतील का? बायको, केवळाबाई, म्हणली, "आवो, ऐतवारी धोंड्याचं जेवण हाय, पाव्हणे पोटभर जेवून खुशीत आले की तुमीच इषय काढा. तवर त्यांच्या मनाला जरा बी धक्का लागू द्यायचा न्हाई." केवळाबाई बोलली की ते परिपत्रक असतंय. म्हणलं बरं.

शुक्रवारी लेक आन् पाव्हणे आले, पाव्हण्यांच्या हातात एक खोकं. अर्धा किलो पेढ्याचा डबा असतो ना, तेवढंच. मला वाटलं, वा, जावयानं पेढे आणले! उघडलं तर आत लढाई! घडी उलगडली की ताटाएवढा पट, त्यावर सहा कोनांचे खण, हिकडं हिरवी फौज, तिकडं लाल फौज, पुठ्ठ्याचे रणगाडे, तोफा, शिपाई, आन् दोघांना दोन-दोन रसदीची ट्रकं. फासा टाकायचा, पुढं सरकायचं, जो दुसऱ्याच्या छावणीत शिरला तो जिंकला. आन् रसदीचा रस्ता बंद झाला की फौज जाग्यावर ठप्प! "मामा, दोघांचाच खेळ हाय," पाव्हणे म्हणले, "बसा." आता नारायणानं बसा म्हणल्यावर उभं राहता येतंय का?

बसलो. पाव्हण्यांनी काय केलं, सगळे रणगाडे एकदम एकाच पुलावर घातले. एकाच पुलावर! माहूरच्या यात्रेला गाडीच्या एकाच दारातून सगळे शिरत्यात तसं! कोण पुढं सरकंना, कोण मागं येईना. मला तर ते बघवंना, मी आपला एक शिपाई चौकात उभा केला, एक ट्रक बाजूला लावला, रस्ता मोकळा दिसला म्हून एक रणगाडा पुढं घेतला... आन् पाव्हणे म्हणले, "मामा, तुमी जिंकलाव."

जिंकलाव? मी? आत सैपाकघरातून केवळाबाई कणकेच्या हातानं बाहेर आली, पाव्हण्यांचं तोंड बघितलं, आन् मला मागच्या दारी नेऊन म्हणली, "काय केलाव हे? नारायणाला हरवलाव? धोंड्याच्या महिन्यात? लेकीचं सोन्यासारखं काम व्हायचंय आन् तुमाला लढाई सुचायली?"

म्या म्हणलं ठीक हाय, पुढचा डाव हरतो, हरायला काय लागतंय! लावला की फोन मकबूलभाईला. मकबूलभाई म्हंजे आमच्या डेपोचा डायवर, माझ्याबरोबरच रिटायर झाला. तो हसला. "अरे रामकिशन, हारना क्या मुश्किल है? मेरेकू देख, बीवी शकिला के सामने चालीस साल से हारते आया मैं! आँख बंद कर, फासा फेक, सबसे अच्छा रणगाडा कोने में घुसा दे. बस!"

दुसरा डाव. डोळे मिटले, फासा टाकला. सहा! परत मिटले. सहा! आवो, पोरीसंगं लुडो खेळायचो तवा एका सहासाठी सोंगटी तास तास घरात बसायची, आन् आता सहावर सहा, सहावर सहा! घाबरून मी माझा मोठा रणगाडा पार कोपऱ्यात नेऊन कोंबला. पाव्हण्यांनी कोपऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हनुवटी खाजवली. "मामा... तिकडून काय तरी मोठा बेत हाय तुमचा." आन् आख्खी फौज वळवून त्या कोपऱ्याकडं घेऊन गेले की! मधलं सगळं मोकळं! माझा एक लंगडा शिपाई चालत चालत त्यांच्या छावणीत गेला. मी न्हाई नेला हो, दुसरीकडं जायला खणच नव्हता!

तुमीच सांगा, माणसानं हरावं कसं?

शनिवारी सकाळी तिसरा डाव झाला, त्याचं मला बोलायचंच न्हाई. दुपारी चौथा. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, कूलर नुसताच घुरघुर करायलाय, पाव्हण्यांनी रात्री भाकर अर्धीच खाल्लेली, आन् मी ठरवून टाकलं, आता लाजायचं न्हाई. माझी छावणी उघडी टाकली. सताड! एक शिपाई न्हाई, एक तोफ न्हाई! आन् पाव्हण्यांचा रणगाडा छावणीपासून एका खणावर उभा. एका खणावर! नुसतं ढकलायचं! पाव्हणे दहा मिनिटं बघत बसले. केवळाबाई पन्हं घेऊन आली, तिला खेळातलं ओ की ठो कळत न्हाई, ती बी म्हणली, "पाव्हणं, तिथं तर कोणीच न्हाई की!" तर पाव्हणे कसं हसले, "मामी, तोच तर सापळा हाय!" आन् रणगाडा मागं घेतला! मागं! आन् तो बी डाव माझ्याच गळ्यात पडला!

वरून मला म्हणत्यात, "आन् मामा, एक सांगून ठेवतो, मुद्दाम हरू नका हां. मला लगेच कळतं. तसं काय दिसलं तर उद्या मी पाटावर बसणार न्हाई." घ्या! म्हंजे जिंकलो तर रुसणार, मुद्दाम हरलो तर उपाशी उठणार. मागच्या वट्ट्यावर जाऊन बसलो तर रडूच आलं. पोरीनं एवढी मेहनत केली, आन् तिच्या नोकरीच्या आड कोण आलं, तर तिचा बापच. दोन पुठ्ठ्याच्या ट्रकांपायी!

ऐतवार उजाडला. घरात पुरण शिजायलंय, ताटात तेहतीस अनारसे रचून ठेवलेत, पाटाभोवती रांगोळी... आन् पाव्हणे म्हणले, "मामा, आधी एक डाव, मंगच जेवण." केवळाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की मला नोकरीतली सगळी चौकशी आठवली.

मांडला. देवाच्या दयेनं खेळ बिघडत आला. माझं एक ट्रक माझ्याच छावणीच्या तोंडाला आडवं अडकलं. रसद बंद! फौज ठप्प! आता काहीच करायचं नव्हतं, ट्रक तसंच राहू द्यायचं, बस! पण आवो, एकतीस वर्षं! फाटकात आडवी गाडी दिसली की माझा हात आपोआप उठतो. कपाळावर घाम आला, हात निघाला ट्रकाकडं, मी ओढून घेतला. परत निघाला! शेवटी काय केलं? उजवा हात मांडीखाली घातला आन् त्याच्यावर बसलो. खरंच! पाव्हणे म्हणले, "मामा, काय करायलाव?" म्या म्हणलं, "मुंग्या आल्यात."

ते आडवं ट्रक ओलांडून आत शिरायला पाव्हण्यांना एका टाक्यात कमीत कमी दोन पाहिजे होते. दोन! फासा टाकला, एक. परत टाकला, एक! आई रेणुके, पायी येतो माहूरला, पण ह्या माणसाला दोन दे! तिसऱ्यांदा, एक!! चौथ्यांदा टाकला तो फासा गडगडत अनारशाच्या ताटाला जाऊन धडकला, मी तर बघितलंच न्हाई... पाच!

पाव्हणे उडालेच! शेजारचा मलप्पा पळत आला, त्याला वाटलं सिलेंडरचं काय झालं. माझ्या डोळ्यांतून धारा! पाव्हणे मला मिठी मारून म्हणत्यात, "मामा, मनाला लावून घेऊ नका, खेळात हार-जीत होतेच!"

मंग जेवले. सात धोंडे खाल्ले, तूप मागून घेतलं. म्या गळा साफ केला, म्हणलं, पाव्हणं, ते दीपमालाच्या नोकरीचं जरा... तर म्हणत्यात, "ते? ते तर कधीच ठरलं, मामा! तिनं मागच्या आठवड्यातच दवाखान्याला होकार कळवला. मी नको म्हणलो, तर म्हणली लावा डाव. झालो की मी गार! लग्नापासून सत्तावीस डाव खेळलो तिच्याशी, एक बी जिंकू दिला न्हाई. म्हणलं सासरवाडीत तरी नशीब बघावं!"

म्या लेकीकडं बघितलं. ती वाढत वाढत म्हणती, "डाव हरले असते तरी जाणारच होते मी. तुमाला सांगणार होते बाबा, पण तुमी खेळात इतके रंगला होता..."

रंगला होता! मी!

आन् पाव्हणे ढेकर देऊन काय म्हणत्यात? "मामा, माझी काय, बियाण्याच्या कंपनीत फिरतीच हाय, किल्लारीहून फिरलो काय आन् नांदेडहून फिरलो काय. तुमची वरची खोली रिकामीच हाय ना? तुमच्यासंगं खेळायला मजा येती बगा. रोज एक डाव टाकू!"

आले राहायला. लेक रोज डोळ्यापुढं हाय, पांढरा कोट घालून दवाखान्यात जाती, मला अजून काय पाहिजे? काहीच नको, खरं सांगतो. नुसतं रोज पाच वाजता हातावर बसतो, झालं... किती वाजले? पाच? आरं देवा, चला चला, येतो मी. उशीर झाला की पाव्हणे एकटेच दोन्हीकडून खेळत बसत्यात, आन् एकटे खेळले तरी हरत्यात!