तुळई दीड हात बाजूला

दिनांक १२ एप्रिल १९३७, सोमवार.

इब्राहीम वल्द फय्याज, वय अंदाजे बावन्न, धंदा सुतारकी, राहणार अनसिंग, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. विचारल्यावरून समक्ष सांगतो, आणि माझ्याच बोलीत लिहावे, सुधारून लिहू नये, अशी हेडसाहेबांना विनंती करतो:

पुंजाजी पाटलानं फिर्याद देल्ली का म्या त्याइच्या बैठकीत झोपाळ्याची बंगई कच्ची टांगली, अन् त्यापायी मेडशीचे पाव्हने पडले. साफ झूट! म्या बंगई टांगलीच नाई.

शनिवारी सकाळी पाटलानं मले बोलावलं. रविवारी मेडशीचे जगदेवबाप्पू पाटलाच्या पोरीले पाहाले येनार व्हते. बैठकीले वर फळ्याइची तक्तपोशी, तिच्यावर नवा हिरवा तेलरंग, अन् मधोमध कमळ काहाडलेलं. रंगाखाली खिळे बुजले व्हते. खिळ्याइची रांग जिथं, तिथं फळीमांगं तुळई असते. ते दिसत नाई, म्हनून म्या काठीनं ठोकत गेलो. कमळाखाली ढबढब वाजलं, म्हंजे नुसती बोटभर फळी. दीड हात बाजूले भरीव वाजलं. तिथं गिरमिटानं बारीक भोक पाडलं, त सागाचा भुसा निंगाला. म्या खडूनं फुली मारली अन् म्हनलं, "पाटील, आकडे हितंच."

पाटील म्हने, "बंगई कमळाखालीच पायजे. पाव्हन्याइले मधात दिसली पायजे."

म्या म्हनलं, "मंग तुळईले सरकाले सांगा."

"लय शहाना झाला! आन ते आकडे इकडं."

आकडे त्याइनंच मारले. म्या घरी गेलो. राग आला व्हता, खोटं कायले सांगू.

रविवारी जेवनं झाल्यावर बंगईवर जगदेवबाप्पू बसले. तवरोक काई झालं नाई. मंग पाटील बाजूले बसले. पाटलाचं वजन म्या सांगत नाई, सायबानं पाह्यलं हाय.

आवाज माह्या दुकानात आला. धावत गेलो. बाप्पूनं कंबर धरली व्हती, अन् पाटलाच्या मांडीवर कमळाची फळी. मले पाहून पाटील वरडले, "यानंच कच्चं काम केलं!" आतून त्याइची बायको प्रयागबाई म्हने, "आवो, आकडे त तुमीच मारले!" पाटलानं दार लोटून घेतलं.

बाई ठान्यात येनार नाईत, हे मले मालूम हाय. खडूची फुली तेवढा माहा पुरावा, अन् पाटील उद्या तिच्यावर रंग मारनार हायेत. तीस वर्सं झाले, म्या टांगलेला एक पाळना पडला नाई, सायेब. हा बट्टा घेऊन मी कोनाच्या दारात काम मांगू?

सायबानं पुसलं, "खालून तुले तुळई कशी समजते?" म्या कोपऱ्यातली काठी घेतली अन् ठान्याची तक्तपोशी ठोकली. सायबाच्या डोक्यावर, पंख्याच्या आकड्यापाशी, ढबढब वाजलं. सायेब उठून बाजूले झाले. पंखा ओढनाऱ्या सोमलाले म्हनले, "थांब."

हा जबाब मला ठाण्याबाहेर लिंबाखाली वाचून दाखवला. टेबल तोवर तिथे आणले होते. ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंगठ्याची निशाणी.

समक्ष: भाऊसिंग, हेड कॉन्स्टेबल.

शेरा: पंचनामा होईपर्यंत तक्तपोशीस रंग लावू नये, असा पाटलांना निरोप धाडला. इब्राहीम यास घरी जाऊ दिले. उद्या सकाळी काठी व गिरमिट घेऊन ठाण्यात हजर राहण्यास सांगितले.