एकाच नवरदेवाची दोन लग्नं

आयका, रिसोडच्या एका मंगल कार्यालयातल्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर म्या लिहिलं. एका दिवशी खालच्या हॉलात एक लगन, वर दुसरं. वरच्या नवरदेवाचं नाव टाकलं, त खालच्या स्क्रीनवरही तेच झळकलं. खालच्या नवरीचे बाबा धावतच आले.

“आमचा जावई काहून बदलला गा?”

म्या लॅपटॉप उघडला अन् चूक सापडली. प्रोग्राममधल्या हॉलच्या क्लासमधे, म्हणजे साऱ्या हॉलांच्या साच्यात, म्या नवरदेवाचं नाव स्टॅटिक ठेवलं होतं, म्हणजे साऱ्या हॉलांत मिळून एकच नाव. तो ‘स्टॅटिक’ शब्द खोडला, प्रोग्राम पुन्हा चालवला, अन् दोन्ही नवरदेव आपापल्या हॉलात. म्या आनंदानं उडीच मारली.

“काका, आता दोघंही येगयेगळे झाले.”

काका मांडवाकडं वळून म्हणाले, “भटजी, मंगलाष्टकं आटपा. हा पोरगा पुन्हा लॅपटॉप उघडायच्या आत लगन लावून टाकू.”