फोनमधली गिऱ्हाइकं

— नाही, गिऱ्हाइकांच्या नोंदींसाठी फुकटचं अ‍ॅप नकोच मला, ताई. मान जरा खाली घ्या, मागचे केस कापतेय. फुकट देणारा कुठून तरी वसूल करतोच की नाही? करतोच. तुम्ही कम्प्युटरच्या ऑफिसात म्हणून तुम्हाला विचारतेय, आमच्या ह्यांना फोनमधलं गजरापलीकडे काही कळत नाही. मला हवंय एवढंच — मी लिहिलेलं माझ्याच फोनमध्ये राहावं, त्या कंपनीच्या कुठल्या लांबच्या मशीनवर जाऊ नये, कुलूप माझं असावं, आणि उद्या अ‍ॅप बंद पडलं तर सगळं उचलून दुसरीकडे नेता यावं. मिळतं असं? मिळतं म्हणता. पण ते खरंच वाचत नाहीत कशावरून? 'आम्ही वाचत नाही' असं लिहितात, हो — वाचणारा 'वाचतो' असं थोडंच लिहील?

एकदा पोळलेय ना मी. माझी पार्टनर आठवते का, उंच, चष्मेवाली, त्या पलीकडच्या खुर्चीवर असायची? जुनं अ‍ॅप फोनमध्ये तिनेच घालून दिलेलं. दोघींच्या फोनवर एकच खातं. बाई कुणाच्याही खुर्चीत बसली तरी माहिती हाताशी हवी, असं तिचं म्हणणं. पटलं मला. कुणाला कुठला रंग लावला, कुणाची टाळू कशाने खाजते — आणि मग हळूहळू बाकीचंही लिहायला लागले मी. खुर्चीत बसलं की बोलतातच हो बायका. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचे वडील दवाखान्यात — पुढच्या वेळी आपण आठवणीने विचारलं की चेहरा कसा खुलतो. आपुलकीच होती ती. धंदाही होता, नाही कशाला म्हणू.

मग ती भांडून गेली, मागच्या गल्लीत दुकान थाटलं, आणि माझ्या बायका एकेक करून तिकडे. एक परत आली, ती सांगत होती — पाय ठेवते तोच तिने विचारलं, वडिलांचं ऑपरेशन नीट झालं ना? आता हे तिला कुणी सांगितलं? मीच. म्हणजे मी लिहिलेल्याने. पासवर्ड बदलायला गेले तर खातं तिच्या ईमेलवर, मलाच बाहेर काढलेलं. कंपनीला लिहिलं, माझी माहिती पुसून टाका. उत्तर आलं की खातं ज्याच्या नावावर, माहिती त्याची. घ्या. लिहिणारी मी, गिऱ्हाइकं माझी, आणि मालकीण ती.

काय? तुमचं? तुमचं कुठे काय विशेष — केस पातळ, कानामागे भोवरा, मागून फार आखूड नको. बस. बरं, आणखी एक ओळ असेल. मागे तुम्ही इथेच रडला होतात ना, तेव्हाची. पुढच्या वेळी तोंडातून तुमच्या ह्यांची चौकशी निघू नये म्हणून लिहून ठेवलं — 'वेगळी खोली बघतेय, घरी माहीत नाही.' एवढंच. आडनाव नव्हतं लिहिलं. नंबर होता, तो काय सगळ्यांचाच असतो.

असं बघू नका हो आरशातून. ती कुणाला सांगायला जातेय? तुमच्या घरचं कुणी जात नाही ना तिच्याकडे?

नणंद जाते?

कधीपासून? — नाही, माझी ती पार्टनर बोलकी आहे, पण वाईट नाही तशी. आणि खोलीचं तर ठरलं होतं ना तुमचं? मालकाने नाही म्हणून कळवलं? कधी? त्याला कुणाचा फोन गेला? तुमच्या ह्यांचा.

ताई, मी तुमच्या भल्यासाठीच... काय लिहिलंय ते दाखवा म्हणता, पण दाखवू कुठून? मलाच आता ते उघडत नाही.

अहो, एकच बाजू कापून झालीय. बसा ना. ताई —

बरं. तो टॉवेल तिथेच टाका.