उजव्या कानातला बोळा

डॉक्टर : हलू नका, काका. चिमटा तुमच्या कानाच्या नळीत आहे, उशीच्या अभ्र्यात नाही.

काका : कानात तुम्ही घालता आणि खोकतो मी! हा कुठला न्याय?

डॉक्टर : नळीच्या कातडीला आणि घशाला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. काहींना येतो असा खोकला. झालं खोकून? आता कान वर आणि मागे ओढते.

काका : ओढा. शाळा सुटल्यापासून कुणी ओढला नव्हता.

डॉक्टर : नळी सरळ नसते हो, मधे वळण असतं. ओढली की सरळ होते, तेव्हा कुठे पडदा दिसतो.

काका : म्हणजे बाहीच की. आतलं अस्तर बघायचं तर कोपराशी ताणावी लागते. जन्मभर शिवणयंत्र चालवलंय, डॉक्टरीणबाई.

डॉक्टर : मग शिंपीबुवा, या बाहीत काय कोंबलंय? कापूस! आणि थांबा... त्याच्यामागे अजून एक बोळा. पार वळणापलीकडे.

काका : तो तिकडे होय! मला वाटलं, हरवला.

डॉक्टर : हसण्यावारी नेऊ नका. आत हाडावर नुसतं पातळ कातडं असतं, ते सुजलंय. लेकीनं तुमची वेळ ठरवताना फोनवर सांगितलं, बाबांना ऐकू येईनासं झालंय. काळजीनं रडकुंडीला आली होती. कापूस कशाला? शेजाऱ्यांचा टीव्ही?

काका : नाही. तुम्ही हसाल.

डॉक्टर : दिवसभर लोकांच्या कानातला मळ बघते मी. हसायला मिळालं तर बरंच.

काका : आमची ही टोस्ट खायची ना, तर कुरुम कुरुम अख्ख्या घराला ऐकू जायचं. माझ्या उजव्या हाताला बसायची. मी म्हणायचो, अगं बाई, तोंड मिटून. ती गेल्यावर टेबलाशी बसलो, तर चमचा तेवढा वाजायचा. एकदा सर्दीनं कान ठणकत होता, म्हणून कापूस घातला आणि टोस्ट चावला. अन् काय सांगू, उजवीकडे कुरुम कुरुम!

डॉक्टर : तो तुमचाच आवाज, काका. चावताना हाडं थरथरतात, तो आवाज नळीत उतरतो. एरवी नळीच्या दारातून बाहेर निघून जातो. दार बंद केलं की आतच घुमतो.

काका : माझाच आहे, एवढं का मला कळत नाही? पण येतो उजवीकडून.

डॉक्टर : (दुसराही बोळा ट्रेमध्ये ठेवून) निघाला. पुन्हा घातलात तर पू होईल, पडदा जाईल. मग लेकीचा फोनही ऐकू यायचा नाही.

काका : आणि नाही घातला, तर ही ऐकू यायची नाही.

डॉक्टर : ...हे घ्या. माझ्या डब्यातलं बिस्कीट. कानाच्या भोकापुढे हा लहानसा उंचवटा आहे ना, तो बोटानं दाबा. सूज आहे, दुखेल जरा. झालं दार बंद. खा आता.

काका : हं...

डॉक्टर : आली?

काका : आली.

डॉक्टर : अगदीच राहवलं नाही, तर एवढंच करायचं. कापूस नाही.

काका : पण बोट काढलं की जाणार.

डॉक्टर : हो. जाणार.

काका : खोटं बोलला नाहीत, बरं झालं. डब्यात अजून एक दिसतंय. ते तुम्ही खा.

डॉक्टर : मी? अहो, बाहेर पेशंट खोळंबलेत.

काका : खोळंबू देत. अशा इकडे, उजवीकडे या. आणि जरा आवाज करून खा.