पाटीवरची मंडळी

जबाब देणार: पाटीचोरीचे तक्रारदार 'उस्ताद' यांची पत्नी. वय ४९ वर्षे. धंदा: घरकाम. राहणार: दुकानामागची खोली.

समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पतीसह राहते. पुढे आमचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. सव्वीस वर्षे मशीन मी दुरुस्त करते, पती काउंटरला बसतात. गिऱ्हाइकाचे मशीन ते आत आणून ठेवतात, मी टाका नीट करून देते, ते बाहेर नेऊन म्हणतात, "घ्या, उस्तादाचा हात लागलाय." त्यावरून बाजारात त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांना सुईत दोरा ओवायलाही चष्मा लागतो.

यंदा दुकानाची कंपनी करायचे ठरले. भागीदार आम्ही दोघेच. अर्जात पसंतीची तीन नावे द्यायची असतात. मी तिन्ही कागदावर लिहून दिली, प्रत्येकात दोघांचे नाव होते. पतींनी 'उस्ताद आणि मंडळी' असे चौथेच भरले आणि ते मंजूर झाले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, मंडळी म्हणजे तूच की! आमची मंडळी घरी आहे, असं म्हणतातच ना?" मी म्हणाले, "मग 'मंडळी आणि उस्ताद' लिहा." ते म्हणाले, "तसं कुठं असतं का?" मी त्यांना आयत्या बिळावरचा नागोबा म्हणाले. हे लिहू नये असे हवालदारांचे मत पडले. माझ्या मते लिहावे. त्या दिवशी चार मशीन द्यायची होती, म्हणून विषय वाढवला नाही.

काल सकाळी पेंटरने पाटी लावली. मी रस्त्यापलीकडे जाऊन वाचली. 'मंडळी' बारीक अक्षरांत होते. जागा पुरली नाही, असे पेंटर म्हणाला. दुपारी अडीचला पती जेवून आडवे झाले असता मी स्टुलावर चढून चार स्क्रू काढले. पाटी चोरीस गेलेली नाही. ती माझ्या कामाच्या टेबलाखाली उलटी आहे, तिच्यावर मशीनचे तेल गळते. पतींनी सगळा बाजार पालथा घातला, इथे तक्रारही दिली. माझ्या टेबलाखाली त्यांनी पाहिले नाही. तिथे त्यांनी सव्वीस वर्षांत कधी वाकून पाहिलेले नाही.

'माझा कोणावर राग नाही' असे हवालदारांनी लिहिले होते, ते मी काढायला लावले. राग आहे. पण रागापेक्षा दमणूक जास्त आहे.

नाव पक्के व्हायला दोघांच्या सह्या लागतात, मुदत उद्यापर्यंत आहे. माझी सही झालेली नाही. पती आत्ता बाहेर बाकावर बसून विचारत आहेत, "अगं, मग काय लिहायचं ते तरी सांग." माझा तीन नावांचा कागद मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. फक्त वर धंदा 'घरकाम' लिहिला आहे, तो पतींनी सांगितलेला आहे. तो खोडून 'शिलाई मशीन दुरुस्ती' करावा. मग सही करते.