लिंबावरून सुटलेली गाडी

मी खाली अंगठा उठवणारी मंदा रामनाथ चुरी, वय पंचाहत्तर (आधार कार्ड काढणाऱ्या मुलाने तोंडाकडे बघून लिहिलेले), धंदा चिकूची वाडी आणि घरातल्यांवर लक्ष ठेवणे, राहणार घिवली, तालुका पालघर. मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात आले आहे. लिहितावाचता येत नसल्याने समक्ष तोंडी सांगते ते असे की,

दसऱ्याच्या सकाळी घिवलीच्या समुद्राकडच्या रस्त्यावर विनानंबरची लाल गाडी भरधाव चालवली म्हणून माझी नात वैभवी विक्रम चुरी हिचे नाव या ठाण्यात लिहिले गेले आहे. ती गाडी वैभवीने चालवलेली नाही. मी चालवली. वैभवीची अणुकेंद्रात ॲप्रेंटिस म्हणून निवड झाली असून गेट पाससाठी तिची पोलीस पडताळणी याच ठाण्यातून व्हायची आहे. तिच्या नावावर केस पडली तर पास मिळणार नाही. माझ्या नावावर पडली तर मला कुठल्याही गेटातून आत जायचे नाही. म्हणून हे आधी लिहून घ्यावे, बाकीचे सावकाश सांगते.

जबाब लिहून घेणारे हवालदार पुंडलिकसाहेब यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "आजी, नातीला वाचवायला सगळ्याच आज्या येतात." मी त्यांना सांगितले की आज्या येत असतील, गाडी चालवून आलेली एकच आहे. पेन उचला.

गाडीबाबत विचारल्यावरून सांगते की, ती शर्यतीची गाडी आहे. विलायती आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे. तिला छप्पर नाही, दार नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही, आणि बसायला एकाच माणसाची जागा आहे. या सगळ्याचे वेगवेगळे गुन्हे होत असतील तर एकदमच लिहावेत. रंग केळफुलाचा आणि नाकही केळफुलासारखेच, पुढे निमुळते होत गेलेले. चाके अंगाच्या बाहेर, तारांची. शेपटीकडे पांढऱ्या गोलात काळा आकडा आहे, तो सात असल्याचे सांगतात. मला तो कोयता दिसतो. नाकावर पितळेची अक्षरे आहेत. ती काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण चिंच लावून घासली की फार सुंदर दिसतात. वर्षातून दोनदा घासते.

गाडी माझे यजमान रामनाथ यांना डहाणूच्या एका इराणी शेठने दिली. यजमान शेठकडे मेकॅनिक होते. शेठ जुहूच्या विमानतळावर शर्यतीत उतरायचे. गाडी तिथे नेणे, तापवणे, आवाज लागेपर्यंत कान लावून बसणे आणि सुटायच्या रेघेपर्यंत चालवत नेणे ही कामे यजमानांची. रेघेवर ते खाली उतरायचे आणि शेठ बसायचे. लग्न झाल्यावर मला एकदा दाखवायला नेले होते. तिथे बऱ्याच गाड्या होत्या, सगळ्या कानाला त्रास देणाऱ्या. ही एकटी दुरून येताना आधी पायाखालच्या जमिनीत यायची, मग कानात. वळणावर तिचे मागचे अंग बाहेर निघाले. मी डोळे मिटले. यजमान म्हणाले, "मिटू नको, तिला सगळं येतंय." मी उघडले. ती वळून गेलेली होती आणि एरंडेल जळल्याचा वास मागे राहिला होता.

एरंडेलाबाबत विचारल्यावरून सांगते की, होय, तेच एरंडेल. त्या गाडीच्या इंजिनाला साधे ऑइल चालत नाही, एरंडेल लागते. आमच्या घरात पोरांना आणि गाडीला एकाच डब्यातले मिळाले. गाडीने कधी तोंड वाकडे केले नाही.

पुढे शेठ परदेशी गेले आणि गाडी आमच्या वाडीतल्या खोपीत आली. तेव्हापासून दसऱ्याला तिची पूजा असते. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि पुढच्या चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडल्याशिवाय गाडीची पूजा पुरी होत नाही हे आपल्याला सांगायला नको, ठाण्याच्या जीपखालीही आपण ठेवता. या गाडीला किल्ली फिरवून चालू व्हायची सोय नाही. मागून ढकलावी लागते. म्हणून मी बसायचे आणि यजमान ढकलायचे. मला कातड्याची टोपी आणि काळ्या रबराचा चष्मा घालायचे, कारण गाडीला तसे बरे वाटते असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची शिकवण एवढीच, की डावा पाय दाबून गिअरचा दांडा पुढे कर, पाय तसाच धर आणि मी ओरडलो की सोड. मी सोडला की इंजिन पेटायचे आणि ते धावत येऊन हात घालून बटण बंद करायचे. उजव्या पायाने काही करायचे नाही, असे बजावलेले होते. माझ्या उजव्या पायाला त्यामुळे काहीच माहीत नव्हते. पुढे ठिणगी देणारा मॅग्नेटो बिघडला. तरी आम्ही दर दसऱ्याला गाडी लिंबावरून नुसती ढकलत आलो. यजमान गेल्यावर पहिल्या दसऱ्याला खोपीची कडी मी काढली नाही.

यंदा माझा मुलगा विक्रम याने गाडी रिसॉर्टवाले भाग्येशशेठ यांना द्यायचे ठरवले. शेठ तिचे इंजिन काढून टाकणार होते आणि गाडी गेटावर खांबावर चढवून नाकात रंगीत दिवे लावणार होते. विक्रम वाईट मुलगा नाही. त्याचे म्हणणे असे होते, की चालत नाही, गंजते आहे, निदान लोक बघतील तरी. मी त्याला विचारले, मी चालेनाशी झाले की मला कुठल्या खांबावर चढवणार. तो जेवणावरून उठून गेला.

वैभवीने डिप्लोमा केलेला आहे. तिने मॅग्नेटो सोडवून बोईसरला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात नेला आणि तारा नव्याने भरून आणला. बापाला पंपाची मोटार दुरुस्त करते म्हणून सांगितले. हे मला माहीत होते. टाकीत पेट्रोल भरले तेही मला माहीत होते. एरंडेल मीच ओतले. आमचे ठरलेले असे, की लिंबू चिरडेपर्यंत दरवर्षीप्रमाणे मी बसायचे, मग वैभवीने बसायचे आणि वाडीच्या वाडीत भाग्येशशेठसमोर इंजिन पेटवून दाखवायचे, म्हणजे खांबाचा विषय संपेल.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. भाग्येशशेठ पेढे घेऊन आले होते. साडीला तेल लागू नये म्हणून मी वैभवीचा कामाचा निळा कोट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. टोपी आणि चष्मा दरवर्षीचाच. विक्रम आणि वैभवी मागून ढकलायला लागले. वाडीच्या दारापासून रस्त्याला उतार आहे. रस्त्यावर कोणीतरी काढून गावभर पाठवलेल्या मोबाइलवरच्या चित्रात दिसते ती "पोरगी" म्हणजे मी. लोकांनी मला पोरगी म्हटल्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

गिअर कोणी टाकला असे विचारल्यावरून सांगते की, मी टाकला. ठरले नव्हते. डावा पाय दाबून दांडा पुढे केला. बसल्यावर हात आपसूक तिथे गेला. लिंबू फुटल्याचा आवाज झाला आणि मागून कोणी ओरडले नाही, तरी मी पाय सोडला.

गाडी पेटली. हार तुटून माझ्या तोंडावर आला. उतार होता, दार उघडे होते, आणि विक्रम मागून धावत ओरडत होता, "आई, मधला दाब! ब्रेक मधला हाय, मधला!" त्याच्या गाडीत ब्रेक मधला आहे. सगळ्यांच्याच गाडीत मधला असतो. मुलाचे ऐकायची मला सवय नाही. त्या दिवशी ऐकले. मधला दाबला.

या गाडीत मधला ब्रेक नाही. मधल्याने ती पळते.

वैभवीला हे माहीत होते, तिने सगळे पेडल सोडवून साफ केलेले आहेत. ती बसली असती तर तिच्या हातून ही चूक झालीच नसती आणि गाडी लिंबापुढे हातभर जाऊन थांबली असती. साहेबांनी हे नीट लिहावे.

मग जे झाले ते असे. गाडीने मला पाठीमागून उचलून पुढे नेले. आपण जमिनीपासून वीतभर वर, सुपात बसल्यासारखे बसलेलो असतो. पुढची दोन्ही चाके डोळ्यांसमोर उड्या मारताना दिसतात, वळवली की वळतात, म्हणजे गाडी सगळे आपल्याला दाखवून करते, लपवून काही करत नाही. आवाज पोटातून वर येतो. पहिल्या वळणावर मी पाय काढला, तिने एकदा ठसका दिला आणि मागचे अंग बाहेर काढले. मी डोळे मिटले नाहीत. चाक जिकडे अंग जाते तिकडेच थोडे फिरवले. हे कोणी शिकवले असे साहेबांनी विचारले. जुहूला बघितले होते. ती सरळ झाली. पुढे बर्फाच्या कारखान्यापासून समुद्रापर्यंत सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना सुरूची झाडे, आणि त्या वेळी रस्त्यावर कोणी नव्हते. मी मधला पुन्हा दाबला.

रस्ता संपून वाळू लागली. वाळूत चाके रुतली आणि गाडी आपली आपण थांबली. त्याआधी पुष्पलता तांडेल हिची बोंबील वाळवायची वलांडी डाव्या बाजूने घासली जाऊन एक बांबू पडला आणि बोंबलांची एक माळ गाडीच्या नाकावर आली. पुष्पलता माझी लहानपणापासूनची मैत्रीण आहे. ती कमरेवर हात ठेवून आली आणि मला टोपीसकट ओळखून म्हणाली, "मंदे, बोंबील पायजे होते त मागायचे ना. दसऱ्याला एवढा वाजतगाजत कोण येतं?" तिची तक्रार नाही. बांबू विक्रमने त्याच दिवशी बांधून दिला.

विक्रम धावत आला. त्याने आधी मला चाचपून पाहिले. मग गाडीच्या शेपटीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. इंजिन गार होताना टिकटिक वाजत होते. तो लहान असताना दसऱ्याला खोपीत तेच ऐकत झोपायचा. तो म्हणाला, "तोच आवाज हाय गं." मग वाळूतून काढून गाडी घरापर्यंत त्यानेच ढकलत आणली, भाग्येशशेठचा हात लागू दिला नाही. खांबावर दुसरे काहीतरी चढवा, असे त्याने शेठना तिथेच सांगितले.

मोबाइलवरचे चित्र बघून आपले लोक संध्याकाळी घरी आले आणि कोणी चालवली म्हणून विचारले. मी आत टोपी पुशीत होते. वैभवीने पुढे होऊन "मी चालवली" असे सांगितले. विक्रम जमिनीकडे बघत राहिला. आपले लोक गाडी ठाण्यात घेऊन गेल्यावर मला कळले. ती खोटे बोलली याबद्दल तिला घरी बोललेली आहे. विक्रमला गप्प राहिल्याबद्दल वेगळे बोललेली आहे. दोघेही आत्ता बाहेर बाकावर बसून आहेत, त्यांना आत घेऊ नये.

पुंडलिकसाहेबांचा तरी विश्वास बसत नव्हता. म्हणून मी लुगड्याचा पदर सारून उजवा हात टेबलावर ठेवला. गाडीचा धुराचा पाइप उजव्या अंगाने बाहेरून जातो. वळणावर कोपर बाहेर आले की तो चटका देतो. इराणी शेठच्या हाताला तसाच डाग होता. माझ्या कोपराखाली पाइपाएवढा फोड आहे, वर कोरफड लावलेली आहे. महिला पोलीस वर्षाराणीबाई यांनी बाहेर जाऊन वैभवीचे दोन्ही हात बघितले. तिला डाग नाही. येताना वर्षाराणीबाई आवारातल्या गाडीपाशी थांबल्या होत्या, ते मी खिडकीतून बघत होते. त्यांनी आत येऊन आधी विचारले, "आजी, पळते किती?" साहेबांनी त्यांच्याकडे बघितले. मी सांगितले, बाई, आकडे मला वाचता येत नाहीत, काटा मात्र उजवीकडे आडवा झाला होता.

लायसन्स आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, नाही. मला जो दंड, जी शिक्षा असेल ती मान्य आहे. वैभवीच्या पडताळणीच्या कागदावर गाडीचा उल्लेख येऊ नये, एवढीच विनंती. तिचा काही संबंध असलाच तर मॅग्नेटोशी आहे, आणि मॅग्नेटो दुरुस्त करणे हा गुन्हा असेल तर अणुकेंद्राने दुसरे काय करायला तिला घेतले आहे ते मला कळत नाही.

गाडी ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी आहे. वरून ताडपत्री टाकावी. कावळे पितळी अक्षरांवर बसतात.

माझा हा जबाब मला वर्षाराणीबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. मधला पाय दाबण्याबाबत साहेबांनी माझ्या भल्यासाठी दोन्ही ठिकाणी "चुकून" असे लिहिले होते. त्यामुळे मी सुटेन असे ते म्हणाले. पहिल्या वेळेचे चुकून बरोबर आहे. बर्फाच्या कारखान्यापुढचे चुकून खोडायला सांगितले आणि तिथे "जाणूनबुजून" असे लिहून घेतले. त्याचे कारण साहेबांनी विचारले. ते जबाबात घेण्यासारखे नाही असे मी सांगितले. खोडलेल्या जागी वेगळा अंगठा केला आहे. बाकी सगळे मी बोलले तसेच उतरले आहे, आणि खरे आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: मंदा रामनाथ चुरी
(उजवा हात भाजलेला आहे.)