सगळ्यांचा एकच घाणा

आत्माराम : ...आणि चूल एकदाच पेटवली. तू असतीस तर उन्हाळाभर घरात धूर, सगळी बिल्डिंग शिंकतेय, आणि आपण जेवायला बसतोय दुपारी चार वाजता.

वसुंधरा : अहो, मला पाय तरी धुऊ द्या. चिपळूणपासून एसटीत अंग आंबून गेलंय. माझे मसाल्याचे डबे कुठायत?

आत्माराम : गॅलरीत. धुऊन, पुसून, साइजप्रमाणे. मोठे खाली, छोटे वर. कंपनीच्या स्टोअरला मी असंच ठेवायचो. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू मिळायची.

वसुंधरा : झाकणांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

आत्माराम : मळक्या होत्या, टाकल्या. आता प्रत्येकावर नंबर लावलाय.

वसुंधरा : धुतलेत म्हणजे रिकामे केलेत? लोकांच्या मिरच्या होत्या त्यात.

आत्माराम : होत्याच की. मसाला तयार आहे, वसू. म्हटलं, बहिणीचं बाळंतपण उरकून येतेयस, आल्या आल्या चुलीपुढे बसायला नको. भाजला, डंकावर कुटून आणला, पिशव्या भरल्या. तुझा सगळा उन्हाळा जातो ज्यात, ते मी एका दिवसात संपवलं.

वसुंधरा : एका दिवसात कसं संपेल? प्रत्येक घराचा वेगळा भाजायचा असतो.

आत्माराम : तिथंच तर तुझा वेळ जात होता. नीट ऐक. मिरच्या सगळ्यांच्याच, धणे सगळ्यांचेच. मग तेच तेच परत कशाला? सगळं एकत्र केलं. एकच घाणा. ज्याच्या मालाचं जेवढं वजन, त्याला तेवढा मसाला परत. काट्यावर मोजून. कोणाचं काही बुडलं नाही.

वसुंधरा : एकत्र केलंत.

आत्माराम : एकसारखा रंग आलाय. बघ तरी.

वसुंधरा : समोरच्या स्वप्नाच्या सासूबाईंनी वाळवलेला कांदा-लसूण दिला होता, साताऱ्याकडचा मसाला त्यांचा. खालच्या प्रभूंना लसणाचा वाससुद्धा चालत नाही. आणि रेजिनाबायचं काय केलंत? तिच्या डब्यात गहू आणि चणे होते.

आत्माराम : ते आलं माझ्या लक्षात. कोणीतरी चुकून धान्य मिसळलं होतं. निवडून काढलं, चांगला तासभर गेला. वाया नाही घालवलं हां, दळणाच्या डब्यात टाकलंय.

वसुंधरा : चुकून नाही हो. त्यांच्या बाटली मसाल्यात, बाटल्यांत भरून वर्षभर ठेवतात त्यात, गहू-चणे भाजूनच घालतात. तिच्या गावी, कळंबला, घराघराचं माप निराळं असतं. तिच्या सासूचं माप तिने मला समोर बसवून शिकवलं, आणि तेव्हापासून मीच करून देते. यंदा हिलरीचं लग्न आहे, तिच्या मुलाचं. त्या जेवणाचा मसाला होता तो. मिरच्या तिच्या वाडीतल्या.

आत्माराम : हे मला कोणी सांगितलं होतं का?

वसुंधरा : जाताना सांगितलं होतं, डब्यांना हात लावू नका.

आत्माराम : हात लावू नका म्हणजे काय? मी काय पाहुणा आहे या घरात?

(दारावरची बेल वाजते.)

रेजिना : वसुंधराबाय, आलीस का गं? बहीन बरी हाय ना? काय झालं तिला?

वसुंधरा : मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. ये, बस.

रेजिना : बसत नाय गं, रिक्षा थांबवलीय. घरात रंगकाम चाललंय, पाव्हने यायला लागतील. मसाला झाला असेल तर नेते.

आत्माराम : या या. तयार आहे तुमचा. हा घ्या, सहा नंबर.

रेजिना : पिशवीत? मी बाटल्या दिल्या होत्या ना? थांबा जरा... हा आमचा नाय.

वसुंधरा : रेजिनाबाय...

रेजिना : लसणाचा वास मारतोय गं याला. आमच्या मसाल्यात लसूण कधी पडला? चुकून दुसऱ्या कोनाचा दिलास. आमचा आन बघू.

वसुंधरा : हे सांगतील तुला.

रेजिना : काय झालं, भाऊ?

आत्माराम : मी... मला काय कळतंय त्यातलं? बायकांचं काम ते.

वसुंधरा : माझ्याकडून एकत्र झाला, रेजिनाबाय. सगळ्यांचा. घाई केली मी.

रेजिना : तू? तू तर झाकनावरचं फडकं बघून मान्साचं नाव सांगायचीस.

वसुंधरा : झालं खरं.

रेजिना : सासू गेली तेव्हा लोक बोलायचे, आता या घरची चव गेली. मी म्हनायची, नाय गेली, वसुंधराच्या हातात हाय. आता लग्नाला काय करू मी? वाडीतल्या मिरच्या पन संपल्या.

वसुंधरा : बाजारातून चांगल्या आणते, उद्याच भाजून देते. पैसे नको देऊस.

रेजिना : नको. शेजारच्या मार्थाकडून उसना घेते थोडा. तुला बोल लावत नाय गं. पन पुढच्या साली मी घरीच भाजीन, जमेल तसा. बाटल्या दे माझ्या.

वसुंधरा : या घे.

रेजिना : लग्नाला या दोघं. येतेस ना? भाऊ, तुमी पन.

आत्माराम : हो, हो. येऊ की.

वसुंधरा : सांभाळून जा गं. पायरी तुटलीय तिथली.

आत्माराम : ...गेली?

वसुंधरा : गेली.

आत्माराम : एक गिऱ्हाईक गेलं म्हणून एवढं तोंड पाडायला नको.

वसुंधरा : एक? कळंबपासून सोपाऱ्यापर्यंत माझ्याकडे ज्या बायका येतात, त्या तिच्या शब्दावर येतात. आता संध्याकाळी प्रभूवहिनी येतील. मग स्वप्ना. प्रत्येकीपुढे मला हेच म्हणायचंय, माझ्या हातून झालं. चुलीपुढे बसून डोळे फोडून घेतले, तेव्हा कुठे लोक घरचा मसाला विश्वासाने द्यायला लागले होते. संपलं ते.

आत्माराम : मग माझं नाव सांग की सरळ. मी काय भितोय का?

वसुंधरा : तुम्ही इथंच होतात ना.

आत्माराम : तुला काय माहीत, व्हीआरएस घेतल्यापासून दिवस कसा जातो माझा. सकाळी डबा नाही, कार्ड पंच करणं नाही. कोणी विचारत नाही, आत्माराम, हे कुठे ठेवू? म्हटलं, तुझ्या धंद्याला जरा शिस्त लावावी. वाढवला असता आपण.

वसुंधरा : शिस्त होती त्याला. तुम्हाला दिसली नाही. कंपनीने घरी बसवलं तेव्हा मी तुम्हाला एक शब्द बोलले नाही. हा संसार त्याच चुलीवर चालला. वर चार माणसांत तुमची मान खाली जायला नको म्हणून सांगत फिरले, सगळं हेच बघतात, मी नुसती भाजते. आणि आज तुम्ही म्हणता, बायकांचं काम.

आत्माराम : मी बोलणारच होतो गं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ती निघाली.

वसुंधरा : लगेच नाही निघाली. दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होती. गुडघे दुखतात तिचे, बराच वेळ लागला. मी तुमच्याकडेच बघत होते.